इंजिनबदलाला कायद्याची वाट हवी

जुन्या मालमोटारीचा सांगाडा शाबूत असावा, पाटे आणि आस भरवशाचे असावेत, परंतु भरल्या मालानिशी खंबाटकीचा चढ चढताना इंजिनाचा दम उखडावा, आणि नव्या गाडीचे हप्ते फेडण्याची ऐपत मालकापाशी नसावी, अशा वेळी अधिक ताकदीचे, मोठ्या घनक्षमतेचे इंजिन बसवण्याचा विचार त्याच्या मनात येणे अत्यंत स्वाभाविक आहे; आणि तोच विचार अमलात आणला की तो आजच्या कायद्याने अपराध ठरतो. माझ्या मते तो अपराध असू नये. मात्र असे इंजिन बसवणाऱ्याच्या धुराचा हिशेब सरकारने आज घेतला जातो त्याहून कितीतरी कसोशीने घ्यावा.

ही खटपट आपल्याकडे नवी नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात पेट्रोलवर चालणाऱ्या कितीतरी परदेशी मालमोटारी पर्किन्सचे पी-६ हे डिझेल इंजिन पोटात घालून पुन्हा रस्त्यावर आल्या, आणि मद्रासच्या सिम्पसन कंपनीने १९५०च्या दशकात पर्किन्सची इंजिने इथेच बनवावयास घेतली. धुराची मोजदाद त्या वेळी कोणी करीत नव्हते, हे खरे. परंतु गाडीचे आयुष्य आणि इंजिनाचे आयुष्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे व्यवहारज्ञान त्या पिढीपाशी होते.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले; आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपवाद आहेत. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलता येते. दहा किंवा अधिक वाहतूक वाहने बाळगणाऱ्या मालकास त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीवाचून बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. परंतु एका गाडीच्या धन्याला निराळे, मोठे, पण अधिक स्वच्छ इंजिन बसवावयाचे असेल, तर त्याने अर्ज कोणत्या खिडकीवर करावा याचे उत्तर कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.

वाट नसली म्हणून माणसे थांबत नाहीत, ती आडवाटेने जातात. चेन-पुलीला लोंबकळणारे, भंगारातून आणलेले इंजिन चेसिसवर उतरवले जाते, त्याचे माउंटिंग गर्डरचे तुकडे कापून वेल्डिंगने जोडले जाते, आणि मग ब्लॉकवरील मूळ क्रमांकावर ग्राइंडर फिरवून तेथे आरसी बुकातला क्रमांक एकेक अंक करून पंचाने ठोकला जातो, जेणेकरून पासिंगच्या दिवशी सारे जागच्या जागी दिसावे. या कारागिरीत अपुरेपणा नसतो. उणीव दुसरीकडे राहते. नव्या इंजिनाबरोबर यावयाचे सेन्सर, संगणकीय नियंत्रक, सायलेन्सरमधील उत्प्रेरक, यूरियाची टाकी, हे सगळे वायरिंगची कटकट नको म्हणून भंगारवाल्याकडेच राहते. चोरून केलेल्या कामात हे व्हायचेच, कारण जी वस्तू मुळात कबूल करावयाची नाही तिची पूर्तता कोण करील?

पीयूसीच्या टपरीवर हे उघडकीस येईल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. तेथे डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसून अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धुराची घनता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या यंत्राला दिसत नाहीत, आणि बॉनेट उघडून पाहणे हे त्या इसमाचे कामही नव्हे.

मोठे इंजिन म्हणजे अधिक घाण, हा समज मात्र टाकून दिला पाहिजे. जड वाहनांच्या इंजिनांची मर्यादा केलेल्या कामाच्या प्रमाणात, दर किलोवॅट-तासामागे किती ग्रॅम, अशी ठरते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी ती बीएस-३ मध्ये ५ ग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ३.५ झाली आणि बीएस-६ मध्ये सुमारे ०.४ वर आली. म्हणजे बीएस-३ च्या काळातील गाडीत पूर्ण सरंजामानिशी बीएस-६ चे दीडपट ताकदीचे इंजिन बसले, तरी हवेचा लाभच होईल.

कॅलिफोर्नियाने, ज्याचे धुराविषयीचे नियम अमेरिकेत सर्वांत कडक समजले जातात, हा प्रश्न बंदीने नव्हे तर अटींनी सोडवला. तेथे पिकअपसारख्या गाडीत इंजिन बदलता येते. परंतु ते गाडीच्याच सालाचे वा त्यानंतरचे असावे, आणि त्याच्या मूळ गाडीतील प्रदूषणनियंत्रणाचे सर्व भाग बरोबर यावेत. मग सरकारमान्य पंच सारे तपासून दाराच्या चौकटीवर त्या इंजिनाची ओळखपट्टी लावतो, आणि पुढच्या तपासण्या त्या पट्टीबरहुकूम होतात. जड डिझेल मालमोटारींसाठी तर १ जानेवारी २०२३ पासून सर्वसाधारण नियम असा झाला की इंजिन २०१० किंवा त्यानंतरच्या मानकाचे असावे. गाडीचे साल गौण, इंजिनाचे साल प्रधान. आपला महाराष्ट्राचा पर्यावरण कर मात्र गाडीचे वय पाहतो.

आक्षेप घेतला जाईल की एकेका गाडीची पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेमध्ये चाचणी घेणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य आहे. ते खरेच आहे, आणि त्याची गरजही नाही. ज्या इंजिनास एकदा मान्यता मिळाली आहे ते सर्व भागांसह जसेच्या तसे बसले आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते, आणि ते जाणता निरीक्षक डोळ्यांनी व संगणकाच्या तारेने पाहू शकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ताकद वाढली की गिअरबॉक्स, क्लच, प्रॉपेलर शाफ्ट यांवर ताण येतो, पुढच्या आसावर बोजा वाढतो, आणि घाट उतरताना ब्रेक जुनेच असतात. त्यातून आपला व्यापारी इंजिन मोठे झाले म्हणून दोन टन माल जास्त चढवणार, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. म्हणून मंजुरी द्यावी ती इंजिनापुरती, एक किलो अधिक वजनाचीही नव्हे, आणि ब्रेकची रीतसर कसोटी उतरल्यावरच.

कलम ५२ मधील २०१९ च्या दुरुस्तीने फेरफारांच्या अटी व विनिर्देश ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे, तेव्हा नवा कायदा करण्याची गरज नाही, एक अधिसूचना पुरे. ती निघेपर्यंत राज्याच्या परिवहन खात्याने निदान एवढे तरी करावे की असा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, आणि मंजूर इंजिनबदल झालेल्या गाडीचा पर्यावरण कर इंजिनाच्या सालाप्रमाणे आकारण्याची तयारी दाखवावी.