पिनकोडला शहाणा करू नका

विट्याचा जिल्हा सांगली, पिनकोड मात्र 415311, म्हणजे साताऱ्याच्या 415 मधला. उलट वाई सातारा जिल्ह्यात, आणि तिचा 412803 पुण्याच्या गोतावळ्यातला. अशी उदाहरणं देऊन काही जण म्हणतात, पिनकोड मोडीत काढा आणि असा क्रमांक आणा, की नुसता वाचला तरी जिल्हा, तालुका, गाव, वॉर्ड सगळं कळावं.

मागणी वरकरणी बिनतोड वाटते. पण जिल्हे-तालुके जागचे हलत नाहीत, हे गृहीत धरायचं कशाच्या जोरावर? 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा निघाला, 1960 साली त्याचं सांगली झालं. पुढे खानापूर तालुक्यातून कडेगाव वेगळा झाला. 2025 मध्ये इस्लामपूरचं ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. अशा प्रत्येक फेरफारासोबत क्रमांकही बदलायचा, तर बँक, आधार, गॅस एजन्सी, साखर कारखान्याची सभासद-यादी, सगळीकडे लोकांनी हेलपाटे घालायचे. गावाच्या पाट्या रंगवाव्या लागतात, ईश्वरपूरच्या 415409 ला कुणी हात लावत नाही. यातच त्याचं शहाणपण आहे.

श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला हा क्रमांक 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाला. अडचण रोकडी होती, एकाच नावाच्या अनेक गावांची: खानापूर सांगली जिल्ह्यात आहे, बेळगाव जिल्ह्यातही आहे. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीसाठी, पुढचे तीन पोस्ट ऑफिससाठी. महसुलाचा नकाशा त्यात कोंबलाच नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. सहा आकडे पोस्टापर्यंत नेतात, मळ्यातल्या वस्तीपर्यंत नाही. कुरियरवाल्याला अजूनही 'विहिरीपासून डावीकडं वळा' असं फोनवर सांगावं लागतं. खरं आहे. त्यासाठीच टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला. अक्षांश-रेखांशावरून निघणारी दहा चिन्हं, साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन. गावाचं नाव नाही, मालकाचं नाही. 0 आणि 1 वगळलेत, त्यांच्याशी घोळ करणारी ओ आणि आय ही अक्षरंही नाहीत. मला ही काटकसर फार आवडते.

लगेच सूचना आल्याच: मजला घाला, फ्लॅट नंबर घाला, गट नंबर जोडा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या चार मजल्यांच्या इमारतीत वर-खाली राहणाऱ्यांचा डिजिपिन एकच येणार, ही तक्रार बरोबर आहे; पण मजला पत्त्यात लिहिता येतो की! गट तर भावांच्या वाटण्या झाल्या की फुटतात.

माझी तक्रार वेगळी आहे. फोनवर 'जे' आणि 'के', 'पी' आणि 'टी' सहज गल्लत करतात. शेवटचं अक्षर चुकलं तर माणूस शेजारच्या गोठ्यात जाईल, पहिलं चुकलं तर शेकडो कोस लांब, आणि चूक झाली हे डिजिपिन स्वतः सांगू शकत नाही. म्हणून भर घालायचीच असेल तर चूक पकडणारं एक अक्षर घाला. बाकी सगळं 'मु. पो.'च्या ओळीत मावतं.