पडद्यावरचा सैनिक खरा कधी होणार?

पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाकडे पर्यटकांचे लोंढे लोटतात. तीच वाट पुढे ‘आयएनएस शिवाजी’कडे जाते. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेल्या या संस्थेत नौदलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ घडतात. युद्धनौकेच्या इंजिनघरात, असह्य उकाड्यात, शत्रूचे दर्शनही न होता ते आपले कर्तव्य बजावतात. आपल्या युद्धपटांत मात्र हा सैनिक अभावानेच दिसतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांनी जलसमाधी घेतली. त्यांतले कितीजण अखेरपर्यंत नौकेच्या पोटात होते, याचा विचार पडदा करीत नाही.

पडद्याला हवी असते गर्जना आणि हवे असते मरण. १९९७ च्या ‘बॉर्डर’ने देशभक्तीची लाट उसळवली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु लोंगेवालाच्या लढाईतील सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड त्यात धारातीर्थी पडलेले दाखवले. प्रत्यक्षात ते विजयी होऊन परतले, सेना पदकाचे मानकरी ठरले आणि २०२२ मध्ये निवर्तले. हौतात्म्याखेरीज शौर्याला मोलच नाही काय?

प्रेक्षकांना हेच आवडते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. नाना पाटेकर यांच्या ‘प्रहार’ने (१९९१) तो खोटा ठरवला. नानांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीत प्रशिक्षण घेतले आणि मगच सैनिक साकारला. त्यातील कठोर शिस्त आणि घाम मराठी माणूस आजही विसरलेला नाही.

वास्तव म्हणजे अधिक रक्त नव्हे. हे मावळच्या मातीला वेगळे सांगावे लागत नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांना द्यावा लागला. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. मधली पाच वर्षे संयमाची आणि तयारीची होती. मावळ्यांचे शौर्य केवळ तलवारीच्या खणखणाटात नव्हते. ते या तयारीतही होते. शिवछत्रपतींनी माणसे मरण्यासाठी नव्हे, जिंकण्यासाठी घडवली.

सैनिकाला देवत्व बहाल करणे सोपे आहे. त्याला समजून घेणे हीच त्याच्याप्रति खरी कृतज्ञता. ज्या दिवशी इंजिनघरातला नौसैनिक पडद्यावर नायक होईल, त्या दिवशी आपला युद्धपट वयात आला असे म्हणता येईल.