लल्लूची वणवण, अरुंधतीचा बंगला

वर्ध्याचे खासदार वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना १९८२ साली मेक्सिकोला गेले. तिथे मिगेल साबिदो यांच्या मालिका घरगुती गोष्ट सांगता सांगता लोकांना कुटुंबनियोजन पटवत होत्या. आपल्याकडेही असं व्हायला हवं, हे साठेंच्या मनाने घेतलं. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली.

मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या या मालिकेतल्या घरात पैशांची कायम ओढाताण. बसेसर राम दारूपायी संसार नासवणारा, बायको भागवंती दिवसभर राबून वर बोलणी खाणारी. त्यांच्या मुलांपैकी लल्लू नोकरीसाठी वणवण करतो, बडकीचं लग्न जमत नाही, छुटकीला डॉक्टर व्हायचं असतं. भाग संपला की अशोक कुमार येत, झाल्या प्रकारावर चार शब्द बोलत आणि मालिकेचं नाव वेगवेगळ्या भारतीय भाषांत उच्चारून निरोप घेत.

कुटुंबनियोजनाचा थेट उपदेश लोकांना रुचला नाही. तो आवरता घेतल्यावर मालिकेने घराघरांत बस्तान बसवलं. बडकीने अश्विनी नावाच्या तरुणाशी लग्न करावं म्हणून प्रेक्षकांनी पत्रं पाठवली. भागवंतीचं मात्र भलतंच झालं. मुकाट्याने सोसणाऱ्या बाईची काय गत होते, हे तिच्यातून दाखवायचं होतं. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांची मतं तपासली, तेव्हा कित्येकांना तीच आदर्श वाटत असल्याचं दिसलं. त्यात बायकाही होत्या.

मराठीत १९९९ साली ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी कॉलेजात शिकवणारी, कमावती. नवरा दुसऱ्या बाईत गुंतला तरी ती मोडून पडत नाही. मुंबई-पुण्यात एव्हाना डबा भरून लोकल किंवा बस गाठणाऱ्या बायका घरोघरी होत्या. सुधा त्यांना ओळखीची वाटली, ती त्यामुळेच.

पुढे वीस वर्षांनी ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीच्या वाट्याला तेच दुःख आलं. तिच्या हातात पगार नाही, पदरी तीन मोठी मुलं. मधुराणी प्रभुलकरांनी साकारलेली ही बाई घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते आणि नंतर दुसरं लग्नही करते. हीच कथा बंगालीत ‘श्रीमोयी’ आणि हिंदीत ‘अनुपमा’ नावाने चालली. मध्यमवयीन आईने मांडव घालून पुन्हा लग्न करावं आणि ते संध्याकाळी सासू-सुनांनी एकत्र बसून पाहावं, ही फार मोठी मजल आहे. मालिकांना सरसकट नाकं मुरडणाऱ्यांनी तिचं मोल ओळखायला हवं.

एक गोष्ट मात्र या प्रवासात हरवली. लल्लूसारखी नोकरीसाठी वणवण करणारी मुलं आज पडद्यावर फारशी दिसत नाहीत. बहुतेक नायकांच्या घरची कंपनी असते, घर म्हणजे बंगला. अरुंधतीच्या सासरच्या, देशमुखांच्या बंगल्याचं नाव तर ‘समृद्धी’च. इकडे महाराष्ट्रातली लाखो पोरं पदव्या घेऊन स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसून आहेत, पुण्यात कॉट बेसिसवर दिवस काढताहेत, आणि गावाकडे त्यांचे आईवडील पुढच्या महिन्याच्या मेसचे पैसे जुळवताहेत. त्यांच्या घरची मालिका मराठी वाहिन्यांनी आता लिहून घ्यावी.