दादा म्हणजे कोण?

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला गेले होते, तेव्हाची गोष्ट. बाळ तीन महिन्यांचं झालं तशी लेक म्हणाली, "आई, आज तू जरा फिरून ये."

बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये ३९ नंबरला इटलीची सांस्कृतिक संस्था आहे. तिथे इटालियन भाषा शिकवतात, ग्रंथालय आहे, व्याख्यानं आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. पाय मात्र पायरीवरच अडखळले. आपलं मोडकंतोडकं इंग्रजी, अंगावर साडी अन् वरून जावयाचा कोट! पण गेले हो आत.

टेबलाशी बसलेल्या बाईंनी हसून विचारलं, "इटली पाहिलीत का?" 'नाही' म्हणताना एकदम आजी आठवली. साताऱ्याजवळच्या खेड्यातली माझी आजी. तिचा भाऊ मराठा पलटणीत होता, तो इटलीतच कामी आला. "दादा तिकडंच ऱ्हायला," एवढंच ती म्हणायची आणि दर भाऊबीजेला एक निरांजन जास्तीचं लावायची. हे मी जमेल तसं सांगितलं. बाईंनी लगेच कागद पुढे ओढला. "नाव काय त्यांचं?"

आणि मला नाव ठाऊक नव्हतं! आजीचा तो 'दादा', एवढंच. इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१९४३ ते ४५ या काळात इटलीत पाच हजारांहून अधिक भारतीय जवान पडले. त्यांतलेच आपल्या रायगडचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली तिथल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारक उभं राहिलं. पण आपल्या घरचं नाव आपणच सांगायला हवं ना?

सांगलीला परतल्यावर आधी साताऱ्याला आत्याकडे गेले. ट्रंकेच्या तळाशी पेन्शनचा कागद सापडला. त्यावर नाव होतं, पलटणीचा नंबरही होता.

तुम्हीही एवढं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नाव, गाव, पलटण वहीत लिहून ठेवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा, साहेबाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं! जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. जुन्या कागदांना खळ किंवा चिकटपट्टी लावू नका. झेरॉक्स काढून मूळ कागद स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा.

आजीचं निरांजन आता मी लावते. यंदा नातवंडांनी विचारलं, "हे कुणाचं?" या खेपेला मला नाव सांगता आलं.