झाकण कोणासाठी?

२४ जुलै २०१८ रोजी गुगलच्या क्रोम ब्राउझरची ६८ वी आवृत्ती आली आणि साध्या एचटीटीपीवर चालणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ अशी पाटी लागली. दुकान असो की कवितासंग्रह, पाटी एकच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तर एप्रिल २०१५ मध्येच साध्या एचटीटीपीला हळूहळू निरोप देण्याचा इरादा जाहीर केला होता. तेव्हापासून एक तक्रार सतत कानावर येते, आणि ती करणारी माणसे अडाणी नाहीत. वेब ज्यांनी हाताने उभी केली, त्यांतलीच काही आहेत.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी लंगडे करायचे आणि मग त्याच्याशी शर्यत लावायची, हा वादाचा मार्ग नव्हे. म्हणून ते आहे तसे मांडतो. पहिले: माझ्या संकेतस्थळावर गावाचा इतिहास आहे, पाककृती आहेत, पासवर्ड नाही, पैशाचा व्यवहार नाही. लपवण्यासारखे काही नसताना कुलूप कशाला? दुसरे: वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच २०१५ मध्ये बजावले होते की ‘एचटीटीपी’चे ‘एचटीटीपीएस’ करणे म्हणजे पत्ताच बदलणे, आणि पत्ता बदलला की जुने दुवे तुटतात. तिसरे: ज्यांची जोडणी महाग आणि यंत्रे जुनी, त्यांना हे सोवळे परवडत नाही. चौथे आणि सर्वांत झोंबणारे: वेब कुणाच्याच मालकीची नाही, तर दोनचार बड्या कंपन्यांनी दारोदार पाट्या लावत फिरायचे हा अधिकार त्यांना दिला कुणी?

पहिला मुद्दा ऐकायला सर्वांत बिनतोड, आणि तोच सर्वांत पोकळ. एचटीटीपीएस म्हणजे केवळ गुप्तता, या गैरसमजावर तो उभा आहे. ही जोडणी तीन कामे करते. मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही; वाटेत कुणी बदलला तर ते लपत नाही; आणि पान ज्या पत्त्यावरून मागवले त्याच पत्त्यावरून आले, याची खातरजमा संकेतस्थळाला मिळालेल्या प्रमाणपत्रावरून होते. ‘लपवायचे काही नाही’ म्हणणारा पहिल्या कामावर बोलतो आणि उरलेली दोन विसरतो. माझे दूध निर्भेळ आहे, किटलीला झाकण कशाला, असे दूधवाला म्हणाला तर त्याला काय सांगाल? बाबा रे, तुझ्या सचोटीबद्दल शंका नाही. शंका आहे ती तुझ्या गोठ्यापासून माझ्या पातेल्यापर्यंतच्या रस्त्याची.

ही शंका काल्पनिक नाही. २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला आढळले की एअरटेलच्या थ्रीजीवरून उघडलेल्या पानांत, मूळ लेखकाने कधीच न लिहिलेला कोड घुसवला जात होता. तपशील त्याने जाहीर केल्यावर, तो कोड पुरवणाऱ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस त्यालाच आली. ग्राहकाला डेटाचा वापर कळावा म्हणून ही चाचणी होती, असा एअरटेलचा खुलासा. हेतू तोच होता असे धरून चालू. पण दुसऱ्याच्या पानात हात घालण्याची सोय कुणी ठेवली होती? उघड्या किटलीने.

त्याच वर्षी मार्चमध्ये चीनमध्ये याहून मोठे प्रकरण घडले. बायदू या कंपनीची, वाचकसंख्या मोजणारी आणि जाहिराती दाखवणारी साधी स्क्रिप्ट हजारो संकेतस्थळांवर होती. ती उघड्या जोडणीवरून जात असताना वाटेत काही वेळा बदलली गेली आणि चीनबाहेर बसून ती पाने पाहणाऱ्यांचे ब्राउझर, त्यांच्या नकळत, गिटहब या प्रोग्रॅमरांच्या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर मारा करू लागले. या यंत्रणेला टोरोंटोच्या सिटिझन लॅबच्या संशोधकांनी ‘ग्रेट कॅनन’, म्हणजे महातोफ, असे नाव दिले. त्या स्क्रिप्टमध्ये लपवण्यासारखे काय होते? काहीच नाही. म्हणूनच झाकण नव्हते, आणि म्हणूनच ती तोफेचा गोळा झाली.

आणि लपवण्यासारखे काही लेखकाकडे नसेल, वाचकाकडे असते. विकिपीडियाइतके उघडे दुकान दुसरे नाही. तरीही जून २०१५ मध्ये मराठीसह सर्व विकिपीडिया एचटीटीपीएसवर नेण्याचा निर्णय झाला. सोलापूरची एखादी मुलगी गर्भपातावरचा लेख वाचत असेल, तर ती विकिपीडियावर गेली एवढे वाटेतल्याला दिसते. कोणता लेख उघडला, हे दिसत नाही. लेख जगजाहीर आहे. तिने तो वाचला ही गोष्ट जगजाहीर नाही.

दुसरा मुद्दा, तुटणाऱ्या दुव्यांचा. बर्नर्स-ली एन्क्रिप्शनच्या विरोधात नव्हते; पत्ता तोच ठेवून जोडणी आतून सुरक्षित करा, असे त्यांचे म्हणणे होते. मालक जागा असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवणे सोपे असते. प्रश्न उरतो तो मालक नसलेल्या, कुणीतरी कधीतरी प्रेमाने लिहून सोडून दिलेल्या पानांचा. इथे प्रतिपक्षाचे म्हणणे मला मान्य आहे: अशी पाने इशारा देऊन उघडू द्यावीत, गाडून टाकू नयेत.

तिसऱ्या मुद्द्यातही वेदना खरी आहे. २०१८ मध्ये वेबतज्ज्ञ एरिक मेयर यांनी युगांडातल्या एका ग्रामीण शाळेचा अनुभव लिहिला. जोडणी उपग्रहाची, मोजूनमापून वापरायची. पूर्वी शाळेतले यंत्र एकदा आलेले पान साठवून साऱ्या वर्गाला वाढत असे. कूटबद्ध पान मधल्या यंत्राला दिसतच नाही, म्हणून प्रत्येक मुलासाठी ते नव्याने आणावे लागते. हे नुकसान नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण जी फट शाळेच्या यंत्राला उपयोगी, तीच चोरालाही. फट विचारून माणूस निवडत नाही. अशा शाळेसाठी विकिपीडियाची अख्खी प्रत इंटरनेटविना वाचता येणारी किविक्ससारखी साधने आहेत. ती तिथे पोहोचवणे हा उपाय. साऱ्या जगाच्या किटल्या उघड्या ठेवणे हा नव्हे. प्रमाणपत्राच्या खर्चाचे म्हणाल, तर डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेने आपली मोफत प्रमाणपत्रे सर्वांना खुली केली, आणि ती रडकथा तिथेच संपली.

राहिला अधिकाराचा प्रश्न. ब्राउझर हा संकेतस्थळाचा नोकर नाही, वाचकाचा आहे. वाट उघडी आहे हे त्याने धन्याला सांगायचे नाही, तर कुणाला? पण इथेही अर्धे सत्य प्रतिपक्षाकडे आहे. प्रमाणपत्रे देणारे चुकतात. २०११ मध्ये नेदरलँड्सची डिजिनोटार ही संस्था फोडली गेली, तिच्या नावाने गुगलचे खोटे प्रमाणपत्र निघाले आणि इराणमधल्या लोकांची टेहळणी झाली. २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडली. मात्र या चुका उघडकीस आणण्यात ब्राउझरवाल्यांचाच हात होता, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०१८ पासून नवी प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत असलीच पाहिजेत, अशी अट क्रोमने घातली. २०१९ मध्ये कझाकस्तान सरकारने नागरिकांच्या गळ्यात स्वतःचे प्रमाणपत्र बांधून त्यांची वाहतूक वाचायचा घाट घातला, तेव्हा गुगल, मोझिला आणि ॲपल यांनी ते प्रमाणपत्र नाकारले. सत्ता आहे, हे खरे. म्हणून तिच्यावर पहारा हवा. सत्ता आहे एवढ्यावरून तिचे प्रत्येक काम चुकीचे ठरत नाही.

एक भ्रम मात्र दोन्ही बाजूंनी सोडावा. झाकण लावले म्हणून विषाचे दूध होत नाही. भामट्यालाही प्रमाणपत्र मिळते, कारण ते वाटेची हमी देते, माणसाची नाही. कुलपाचे चिन्ह पाहून लोक भलताच विश्वास टाकतात, हे ओळखूनच क्रोमने २०२३ मध्ये ते पत्त्याशेजारून काढून टाकले.

तेव्हा माझा पक्ष असा. उघडी जोडणी हा अपवाद असावा आणि तो वाचकाला दिसावा. जुन्या पानांना इशाऱ्यासह वाट मिळावी. प्रमाणपत्रे मोफत असावीत आणि ती देणाऱ्या संस्था एकाहून अधिक असाव्यात. एवढे पाळले गेले, तर ब्राउझरचा रेटा जुलूम ठरत नाही. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे आपल्यावरचे बालंट समजू नये. पाटी त्याच्यावर नाही, रस्त्यावर आहे. तुमचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर पत्त्याच्या सुरुवातीला ‘एस’ आहे का, ते आज बघा. नसेल तर होस्टिंग देणाऱ्याला फोन करा. साध्या प्रमाणपत्राचे त्याने वेगळे पैसे मागितले, तर दुसरा शोधा.