लेकाच्या नावावर बाप फेमस

वाईन शॉपमध्ये ‘मालबेक’ म्हटलं की दुकानदार थेट अर्जेंटिनाची बाटली पुढे करतो. पण या द्राक्षाचं मूळ गाव आहे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, लोट नदीकाठचं काओर! इथली वाईन इतकी गडद, की तिला ‘काळी वाईन’च म्हणायचे.

१९५६च्या कडाक्याच्या थंडीत इथले बहुतेक द्राक्षमळे मेले. लोकांनी ते पुन्हा उभे केले आणि १९७१मध्ये एओसी हा सरकारमान्य दर्जा मिळवला. पण जगात नाव काढलं ते १८५३च्या सुमारास अर्जेंटिनाला गेलेल्या लेकानं. मग काओरवालेही लेबलवर ठळक ‘मालबेक’ छापू लागले. सोसायटीत ‘अमक्याचे बाबा’ म्हणून ओळख मिळते ना, तसंच!

माझं मत मात्र बाबांनाच. लेक मऊ, रसाळ. बाबा तुरट, रोखठोक. काओरमध्ये किमान ७० टक्के मालबेक, बाकी मर्लो किंवा ताना. बाटली तासभर आधी उघडा, सोबत मटण घ्या. फक्त झणझणीत नको, तिखट आणि तुरट यांचं जमत नाही. आणि हो, लेबलवर द्राक्षाबरोबर गावाचं नावही वाचत चला. खरी गोष्ट तिथेच असते, बॉस!