परगावी कामाला जाताना पोटाची सोय

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण पंढरपूरच्या आसपासच्या बायका दिवसातून चारदा तरी उच्चारतो. मुलांना उठवताना म्हणतो, नवऱ्याला डबा भरताना म्हणतो, पाहुण्यांना आग्रह करताना तर म्हणतोच. पण स्वतः कामासाठी घराबाहेर पडलो, की तीच म्हण उंबऱ्याच्या आत ठेवून जातो. सकाळी सहाच्या एस.टी.ने निघायचं, पंढरपूरवरून सोलापूर गाठायचं, दिवसभर दवाखाना, कचेरी, बाजार करायचा आणि रात्री आठला घरी येऊन पुन्हा चुलीपुढे उभं राहायचं. मध्ये पोटात काय गेलं? दोन वेळा चहा आणि दोन बिस्किटं!

हल्ली आपलं बाहेर पडणं वाढलंय. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं आणि ‘तिकिटाला पैसे नकोत म्हणून ह्यांनाच पाठवलं’ हे कारण बरंचसं गेलं. आमच्या वेळापूरहून सोलापूर म्हणजे जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच. तरी मुलीच्या प्रवेशासाठी, सासूबाईंच्या डोळ्यांसाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी आता एकेकटी बाई सहज जाऊन येते. प्रवास एकटीनं करायला आपण शिकलो. जेवायला मात्र अजून एकटीनं बसत नाही. म्हणून आज सोलापुरातल्या गर्दीच्या भागात झटपट, स्वस्तात आणि निर्धास्तपणे कुठं खावं, कसं खावं, याविषयी थोडं सांगणार आहे.

आपण का खात नाही?

कारणं तीनच आहेत. पहिलं म्हणजे संकोच. पूर्वी हॉटेलात बायकांसाठी पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असे. बाई आली म्हणजे ती कुणाबरोबर तरी आली, हे त्यात गृहीतच असायचं. पडदे गेले, पण ते गृहीत धरणं अजून पुरतं गेलेलं नाही. मध्ये एका हॉटेलात मी शिरले, तर पोऱ्यानं विचारलं, “बाकीचे येतायत ना, बाई?” मी म्हटलं, “बाकीचे घरी जेवले. मला एक थाळी आण.” त्यानं आणली. एवढ्याचीच गरज असते.

आणि संकोचाचं म्हणाल, तर आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी आमच्या वेळापूरला मुक्कामाला येते, तेव्हाचं चित्र आठवून पाहा. कुठल्या कुठल्या गावच्या वारकरी बाया अनोळखी अंगणात पंगतीला बसतात, पिठलं-भाकरी मागून घेतात, “माउली, जरा ठेचा वाढा” म्हणतात. तिथं कुणी त्यांना एकट्या का आलात, असं विचारत नाही आणि त्याही लाजत नाहीत. चालणाऱ्याला भूक लागते, हे तिथं सगळ्यांना मान्य असतं. मग कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला भूक लागली, तर त्यात वावगं काय?

दुसरं कारण पैशाचं. ‘एकटीसाठी कशाला खर्च?’ असं म्हणत आपण पोटाला चिमटा घेतो. संध्याकाळी मुलांसाठी खाऊ आणि ह्यांच्यासाठी पेढे मात्र घेतो. दुसऱ्या दिवशी डोकं धरून पडून राहिलो, की गोळ्यांचा खर्च वेगळाच! तिसरं कारण आपण मोठ्यानं बोलत नाही. ते म्हणजे स्वच्छतागृहाचं. जायला चांगली जागा नसते म्हणून पाणीच पीत नाही, आणि पाणी नको म्हणून जेवणही नको. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात पाण्याशिवाय दिवस काढणं म्हणजे लघवीच्या जळजळीला आणि चक्करीला घरचं आमंत्रण आहे.

सकाळचा पहिला घास

स्टँडवर उतरलात की लगेच रिक्षा पकडू नका. शिवाजी चौक आणि नवी पेठ हा भाग जवळच आहे. सकाळी तिथं आणि शहरात बहुतेक सगळ्याच चौकांतून गरम इडली, उप्पीट, पोहे मिळतात. सोलापुरात तीन भाषांचा शेजार आहे. पूर्व भागात तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची वस्ती, खाली कर्नाटकाची सीमा. त्यामुळे इडली-दोसा इथं परका पदार्थ नाही, रोजचा आहे. आपल्या चुरमुऱ्यांचा सुशीला कुठं दिसला तर जरूर घ्या. भिजवलेले चुरमुरे, कांदा, दाण्याचं कूट, वर लिंबू. पोटाला हलका आणि तेलही बेताचं. प्रवासात मळमळणाऱ्या बाईनं सकाळी वडे-भजी टाळून इडली किंवा सुशीलाच घ्यावा.

दवाखान्याच्या कामाला जाणाऱ्या बहिणींना एक महत्त्वाची सूचना. साखरेच्या तपासणीला उपाशीपोटी रक्त देतात आणि जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा देतात. पुष्कळ जणी मधल्या वेळेत चहा-बिस्किटावर भागवतात आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून खुशीत घरी जातात. असा रिपोर्ट काही उपयोगाचा नसतो. घरी जेवता तसंच व्यवस्थित जेवा, जेवणाआधीची गोळी चालू असेल तर ती घ्यायची का हे डॉक्टरांना विचारा, आणि दोन तास पहिल्या घासापासून मोजा. म्हणून रक्त द्यायला आत जाण्यापूर्वीच जवळपास खाणावळ कुठं आहे, ते पाहून ठेवावं.

दुपारचं जेवण

दुपारी मात्र भाकरीच शोधा. सोलापूर म्हणजे ज्वारीचं माहेर. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. भाकरी, एखादी पालेभाजी किंवा डाळ, शेंगाची चटणी, कांदा आणि ताक, एवढ्यावर संध्याकाळपर्यंत पोट शांत राहतं. मैद्याचे पाव दोन तासांत पुन्हा भूक लावतात. पूर्ण थाळी जात नसेल तर ‘राइस प्लेट आहे का?’ किंवा ‘दोन भाकरी आणि एक भाजी सुटी द्याल का?’ असं सरळ विचारा. बहुतेक ठिकाणी देतात. आपणच विचारायचं टाळतो.

शहरात घरगुती पोळी-भाकरी केंद्रं पुष्कळ आहेत. भाकरी थापणाऱ्या बहुतेक बायाच. दोन भाकरी आणि चटणी बांधून घेतली, तर बागेतल्या बाकावर किंवा रुग्णाच्या खाटेशेजारी बसूनही निवांत खाता येते. दवाखान्यात रुग्णाजवळ राहणाऱ्या बाईची तर ही मोठीच सोय. ती बिचारी रुग्णाचा डबा विसरत नाही, स्वतःचा विसरते.

हात अगदीच आखडता असेल तर शिवभोजन थाळीची चौकशी करा. 26 जानेवारी 2020 ला ही योजना सुरू झाली, तेव्हा दहा रुपयांत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात असा बेत ठरलेला होता. दवाखाने, स्टँड, सरकारी कचेऱ्या अशा वर्दळीच्या जागी दुपारपुरती ही केंद्रं उघडली गेली. थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून केंद्र चालू आहे ना, हे सकाळीच विचारून ठेवावं आणि बाराच्या सुमारास गाठावं. तिथं जेवण्यात कमीपणा काही नाही. रांगेत वकिलाचा कारकूनही असतो आणि हमालही असतो.

बाजार आटोपल्यावर

मधला मारुती, चाटी गल्ली, लक्ष्मी मंडई या भागांत खरेदी करताना पाय मोडून येतात. तेव्हा चार-साडेचारच्या सुमारास काहीतरी पोटात जायलाच हवं, कारण पुढं घरापर्यंत तीन तास आहेत. संध्याकाळच्या खाण्यासाठी पार्क स्टेडियमचा परिसर सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चार हुतात्म्यांचे पुतळेही याच बाजूला आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते जरूर दाखवा आणि मग भेळेकडे वळा. भेळ, पाणीपुरी, दोसे, पावभाजी सगळं मिळतं. गाड्यांची जागा अधूनमधून बदलते, तेव्हा विचारून घ्यावं. भाग्यश्रीचा बटाटेवडा, सुप्रजाची पावभाजी ही नावं तर सोलापूरकरांच्या तोंडीच असतात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असेल तर विचारायलाच नको. फक्त जत्रेत खाताना खाली सांगितलेली काळजी दुपटीनं घ्या.

गाडी पारखावी कशी?

भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून पाहतो. तीच नजर इथं वापरायची.

एक, जिथं गिऱ्हाईक सारखं येतं-जातं, तिथलं अन्न शिळं पडत नाही. रिकामं हॉटेल दिसायला कितीही छान असलं तरी जेवायच्या वेळी ते रिकामं का, हा विचार करावा.

दोन, कढईत डोकवा. तेल काळं पडलंय, धूर आणि फेस येतोय, तर तिथले वडे नकोत. तेच तेल पुन:पुन्हा तापवण्यावर सरकारनंही 2018 पासून मर्यादा घातलीय.

तीन, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं खाऊ नका. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थाला लागते. अन्न असं बांधायला कायद्यानं मनाई आहे. आपल्या पिशवीत एक झाकणाचा डबा ठेवला तर प्रश्नच मिटतो.

चार, चिरून ठेवलेली फळं, बर्फ घातलेला रस आणि पाणचट हिरवी चटणी पावसाळ्यात वर्ज्य. पोट बिघडतं ते बहुधा पाण्यानं. समोर तळून दिलेला गरम पदार्थ त्या मानानं बरा.

पाच, हॉटेलच्या भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो. तो दिसला म्हणजे मालकाला नियम ठाऊक आहेत, एवढं तरी कळतं.

एकटीनं बसताना

शक्यतो गल्ल्याजवळचं किंवा भिंतीकडेचं टेबल घ्यावं. पिशव्या पायांमध्ये, पर्स मांडीवर. एकच्या ऐन गर्दीत जाण्यापेक्षा बाराला किंवा दोनला गेलं तर कुणी ‘लवकर उठा’ म्हणून डोक्यावर उभं राहत नाही. दर आधी विचारून घ्या, बिल वाचून पैसे द्या. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो देणं आपल्यावर बंधनकारक नाही. 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं स्पष्ट केलंय.

आणि हो, बसून जेवायचं हॉटेल निवडण्याचा एक मोठा फायदा म्हणजे स्वच्छतागृह. आत शिरतानाच विचारा, “बायकांसाठी सोय आहे का?” नसेल तर दुसरीकडे जा. गिऱ्हाईक या कारणानं परत जातं, हे मालकाला कळल्याशिवाय सोय होणार नाही.

घरून काय न्यावं?

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही प्रवासाची शिदोरी सोलापूरनंच साऱ्या महाराष्ट्राला दिली. ती जरूर न्यावी. मऊ हवं असेल तर दशम्या करा. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, त्यात मूठभर कणीक, चवीला मीठ, आणि पाण्याऐवजी कोमट दुधात मळायचं. हलक्या हातानं थापून तुपावर भाजा. संध्याकाळपर्यंत चांगल्या राहतात. पण शिदोरी अडीअडचणीसाठी. घरून डबा आणला म्हणून तो परत नेऊन रात्री खायचा, असं नको!

शेवटी एक गोष्ट. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार जेवले ते खाणावळवाल्या बायकांच्या हातचं. घरातल्या एका चुलीवर त्या परक्यांचे डबे रांधत. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना एकत्र आणलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेलं. आपल्या सोलापुरातली भाकरीवाली त्यांचीच बहीण. तिच्याकडून दोन भाकऱ्या घेतल्या तर आपलंही पोट भरतं आणि तिच्याही घरची चूल पेटते.

तेव्हा पुढच्या खेपेला सोलापूरला निघाल्यावर कामांची यादी कराल, त्यात ‘कचेरी, औषधं, साडीला फॉल’ यांच्याबरोबर ‘साडेबारा – जेवण’ असंही लिहा. महिन्याच्या हिशेबाच्या वहीत त्या पैशांचा वेगळा रकाना ठेवा, आणि त्यावर स्वतःचं नाव घाला. तुमच्या गावाजवळच्या बाजारपेठेत अशा चांगल्या, स्वच्छ आणि बायकांची सोय असलेल्या खाणावळी असतील, तर जरूर कळवा. त्यांची यादी एकमेकींच्या उपयोगी पडेल.